धड कोपरा

गोमुखाखाली कळशी लावून गोपिकामावशी देवळाच्या पायरीवर टेकली. कनवटीचं पोस्टकार्ड काढून तिनं अरुंधतीपुढे धरलं.

"वाच बघू. नागपूरचं आहे, तुझंच अक्षर असणार. पोस्टमनला म्हटलं वाचून दाखव, तर घाईत आहे म्हणाला. मेल्याला इथे कसली गो घाई? मास्तर तर दोनदा चष्मा विसरले."

अरुंधती नुकतीच एसटीतून उतरून, पिशवी खांद्यावर घेऊनच झऱ्याशी आली होती. पत्राचं उत्तर आलं नाही, तेव्हा मावशी रागावली असेल असं धरून ती निघाली होती. राग यावा असंच होतं. आई दरवर्षी गावी जाऊ म्हणायची आणि ती दरवर्षी पुढच्या सुट्टीवर ढकलायची.

अक्षर तिचंच होतं. धरमपेठेतल्या घरी, दहाव्या दिवशी, तिनं अशी वीस कार्डं लिहिली होती. कोपरे फाड, असं काकांनी दोनदा बजावलं होतं. असलं काही मला पटत नाही, म्हणाली होती ती. खरं तर आईचं नाव असलेला कागद फाडायला तिचा हात उचलला नव्हता.

"पंधरा दिवस झाले, देवापाशी ठेवते आणि सकाळी इथे घेऊन येते," मावशी म्हणाली. "कोपरा धड आहे, म्हणजे सगळं सुखरूप. मग वाचायची घाई नाही. सिंधूला का नाही आणलंस?"

माडांपलीकडे समुद्राचा आवाज होता. आत कुणीतरी घंटा वाजवली.

"गेल्या खेपेला आली ती तुमच्या नागपूरचं 'काहून, काहून' करत. पोरं हसली, तर म्हणते कशी, हसून घ्या, पुढच्या वर्षी 'वं' पण शिकवते. किती वर्षं झाली गो?"

"अकरा."

"तिला पाणी ने हो इथलं. दर पत्रात लिहिते, तिकडच्या उन्हात ह्याच पाण्याची आठवण येते म्हणून."

अरुंधतीनं कार्ड उलटलं. पाठीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"ती. गोपिकामावशीस," तिनं वाचलं आणि ती थांबली.

"वाच की. काहून थांबलीस?" मावशी म्हणाली आणि स्वतःच हसली.

अरुंधतीनं कार्ड गुडघ्यावर ठेवलं. वरचा कोपरा चिमटीत धरला आणि सावकाश फाडला.

कळशी भरून वाहू लागली होती. मावशीनं ती उचलली नाही.