तशीच ठेवलेली विनंती

पाट्या रंगवणारा रविवारी गेला. मंगळवारी मुलानं वडलांचा फोन आईपुढे ठेवला. ओळखीच्यांना कळवायचं होतं, आणि फोनमध्ये अनोळखी लोकांच्या मैत्रीच्या विनंत्यांचा ढीग साचला होता.

"आधी ही भरताड काढ. सगळ्यांना 'नको' दाब," मुलगा म्हणाला.

"एक शब्दही न बोलता? दारात आलेल्याला निदान..."

"हे दारात आलेले नाहीत गं. कर्ज घ्या, जमीन घ्या म्हणणारे आहेत. उत्तर दिलंस की चिकटलेच. 'नको' म्हणायचं नि पुढं जायचं, हीच रीत."

तिनं रीत पाळली. प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागत 'नको' दाबत गेली. एका विनंतीवर माणसाचं नाव नव्हतं, चेहराही नव्हता, नुसती अर्धी रंगवलेली पाटी. जाहिरात असेल म्हणून तीही गेली.

शनिवारी डावखुरा आला. एके काळी तो नि तिचा नवरा एकाच पाटीला बसत. हा उजव्या टोकाकडून, तो डाव्या टोकाकडून. ओल्या रंगाला कुणाचाच हात लागत नसे, आणि मध्यावर दोघांचे कुंचले भेटत. पुढं डावखुऱ्यानं यंत्रावर छापलेल्या पाट्यांचं काम धरलं आणि बोलणं तुटलं.

"कालच कळलं, वहिनी." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "जाता जाता त्यानं मला उत्तर दिलं, तेवढं बरं झालं."

"कसलं उत्तर?"

"वर्षभर माझी विनंती तशीच पडून होती त्याच्याकडं. ना हो, ना नाही. मला वाटायचं, विरघळेल गडी. आपल्या जुन्या पाटीचा फोटो लावला होता, म्हटलं ओळखेल." तो हसायला गेला. "ओळखलं की. मंगळवारी नकार आला."

तिला ती अर्धी रंगवलेली पाटी आठवली. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ज्याला सगळं ऐकू येतं, त्याच्यापुढं संध्याकाळी ती कोणत्या तोंडानं हात जोडणार होती?

"भावजी, ते रविवारीच गेले. मंगळवारी ते बटण मी दाबलं. ओळखलं नाही हो मी."



"म्हणजे तो नाही म्हणालाच नाही."

"नाही."

"पण 'हो'सुद्धा नाही म्हणाला."

'हो म्हणणार होते' हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. जे ठाऊक होतं तेवढंच सांगितलं.

"रोज कुंचले धुऊन झाले की फोन घेऊन बसायचे. काय बघताय विचारलं की म्हणायचे, 'एक जण ताटकळलाय.' मी म्हणायची, मग बोलवा की. 'बघू' म्हणायचे, नि फोन पालथा ठेवायचे. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक असेल."

"चिडून म्हणायचा, का हसून?"

तिनं आठवून पाहिलं. "मी पाठमोरी असायची, भावजी. भांडी घासत."

"मग आवाज तरी कसा असायचा?"

"एक जण ताटकळलाय," तिनं नवऱ्यासारखं म्हणून पाहिलं. जमलं नाही. डावखुरा मात्र डोळे मिटून ऐकत होता.

"पुन्हा म्हणा, वहिनी," तो म्हणाला.