चूक कोणाच्या नावावर

सौदीतल्या जुबैलच्या दाबक्यांकडे दिवाळी सरली तरी आकाशकंदील उतरत नसे. नाताळचा भाग बघून झाला की मगच तो काढायचा, असा तन्वीचा कायदा होता, आणि बारा वर्षांच्या त्या पोरीचे कायदे घरात कंपनीच्या कायद्यांपेक्षा कडक पाळले जात. भाग म्हणजे एका इंग्रजी मालिकेचा, वर्षातून एकदाच येणारा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, बदाबदा पडणारा खोटा बर्फ, घड्याळं दुरुस्त करणारी एक विधवा बाई आणि तिच्या तळघरात काळ मागे नेणारं यंत्र. दर नाताळला आकाशातून काहीतरी अभद्र उतरायचं आणि केक कापायच्या आत बाई त्याचा निकाल लावायची.

पण दाबक्यांची खरी मजा वेगळीच होती. विनय दाबके प्लँटमध्ये शिफ्ट इंजिनीअर, सुरक्षेच्या नियमांचं त्याला भारी वेड. बाप-लेक कागद-पेन्सिल घेऊन बसायचे आणि मालिकेतल्या चुका मोजायचे. शिडी धरायला कोणी नाही, एक. गॅसजवळ उघडा दिवा, दोन. सुरुची, त्याची बायको, म्हणायची, "तुम्ही दोघं त्या राक्षसालासुद्धा हेल्मेट घालायला लावाल." गेल्या वर्षी एकतीस चुका निघाल्या होत्या आणि विनय हसून हसून सोफ्यावरून घसरला होता.

यंदा शुक्रवारच्या दुपारी तो सोफ्यावर नुसता बसला होता. गेले सतरा दिवस तो असाच बसत होता. वाढलं की जेवायचा, हाक मारली की ओ द्यायचा. आज आमटीत मीठच पडलं नव्हतं. सुरुचीला पहिल्या घासाला कळलं, त्याने ताट स्वच्छ केलं.

सतरा दिवसांपूर्वी त्याच्या शिफ्टमध्ये शशिकांत गेला. चिपळूणचा फिटर, अकरा वर्षं इथेच. दुरुस्तीसाठी टाकीत उतरला आणि दोन श्वासांत कोसळला. टाकीत नायट्रोजन साचला होता, आणि त्याला ना रंग ना वास. चौकशीचा अहवाल तयार होता: कामगार सूचनेची वाट न बघता स्वतःहून आत शिरला. रविवारी सकाळी आठ वाजता विनयने त्याखाली सही करायची होती. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "साइन करो और खलास. फॅमिली है तुम्हारी."

खरं काय ते एकट्या विनयला ठाऊक होतं. माणूस उतरण्याआधी टाकीतली हवा मीटरने मोजायची, आकडा परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवान्यावर, लिहायचा, सही ठोकायची. त्या दिवशी शिफ्ट बदलायची घाई होती. सकाळच्या परमिटवर ऑक्सिजन वीस पॉईंट नऊ टक्के होता, अगदी झकास. विनयने तोच आकडा नव्या परमिटवर उतरवला आणि सही ठोकली. मीटर कपाटातून काढलाच नाही. शशिकांतने परमिट वाचलं, सही बघितली आणि उतरला. याबद्दल विनयने सुरुचीपाशीसुद्धा ब्र काढला नव्हता. आपल्याला रडू येईल, निदान भीती तरी वाटेल, म्हणून तो वाट बघत होता. काही येत नव्हतं. दाढेला भूल द्यावी तसं सगळं अंग झालं होतं.

पडद्यावर लंडनचे गॅसचे दिवे एकेक करून विझत होते. शहराच्या अजस्र गॅसटाकीत कोणीतरी परग्रहावरचं शिरून गॅस पीत होतं. गॅस कंपनीचा ढेरपोट्या साहेब दिवे लावणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला, जा आत, सगळं ठीक आहे. म्हाताऱ्याने टोपी काढली, आत गेला आणि परत आला नाही.

तन्वीने चित्र थांबवलं. "बाबा! नंबर नाइन! नो गॅस टेस्ट! तुम्ही बघतच नाही आहात."

"बघतोय."

"कोणाच्या नावावर लिहू? दिवेवाल्याच्या ना? ही जस्ट वेंट इन."

"नाही." आवाज इतका चढला की तन्वी दचकली. "त्याची चूक नाही. त्याला सांगितलं होतं ठीक आहे म्हणून. आत जाणारा माणूस सांगणाऱ्याच्या भरवशावर जातो. साहेबाच्या नावावर लिही."

तिने मुकाट्याने लिहिलं आणि भाग पुढे सुरू केला. मग काय, बाईने यंत्राची किल्ली फिरवली, काळ पाव तास मागे नेला, म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. दिवे लागले, घंटा वाजल्या, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तन्वीने टाळ्या पिटल्या. विनय कोपऱ्यातल्या साहेबाकडे बघत होता. त्याच्याही हातात पेला होता. तोही सगळ्यांबरोबर गात होता, आणि त्याला कोणी काहीसुद्धा विचारलं नाही.

विनय उठला, स्वयंपाकघरात गेला आणि सुरुचीला सगळं सांगितलं. चार वाक्यांत झालं.

तिने नळ बंद केला. "सतरा दिवस मी तुझ्या शेजारी झोपतेय," ती म्हणाली. "सही नाही केलीस तर?"

"मग माझीच चौकशी. देश सोडता येणार नाही. कदाचित तुरुंग."

"आणि तन्वी?"

"माहीत नाही."

ती खरोखर चिडली होती आणि घाबरलीही होती. हाताला येईल ते पुसत राहिली. ओटा पुसला, कोरडा डबा पुसला. मग म्हणाली, "मुग्धाला सांगितलंस?"

मुग्धा म्हणजे शशिकांतची बायको. विनयने तिथेच, ओट्याला टेकून, चिपळूणला फोन लावला.

"बोला भाऊजी," मुग्धा म्हणाली.

तो बोलला. मीटर, आकडा, सही, काही गाळलं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचंही ऐकू आलं.

"म्हणजे त्यांनी घाई नाही केली?"

"नाही. त्याने सगळं नियमाने केलं. मी केलं नाही."

"मी रोज फोटोसमोर उभी राहून बोलते हो त्यांना," मुग्धा म्हणाली. "म्हणते, काय एवढी घाई होती? आमचा विचार नाही आला मनात? दिवस घातले तेव्हासुद्धा माझा राग गेला नव्हता."

विनय शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रडत होती, आणि त्याला अजूनही काही होत नव्हतं. फक्त फोन धरलेला हात दुखायला लागला होता.

"रविवारी लेखी देणार आहे मी," तो म्हणाला.

"ते द्या. पण आधी थांबा, सासूबाईंकडे फोन देते. त्याही पोरालाच बोल लावतायत. त्यांना हे तुमच्या तोंडून सांगा. मी सांगितलं तर नवऱ्याची बाजू घेते म्हणतील."

फोन या हातातून त्या हातात गेला. बांगड्या वाजल्या, खोकला आला. "कोण बोलतंय?"

सुरुचीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, मी विनय," तो म्हणाला. "शशिकांत माझ्या शिफ्टमध्ये होता." आणि त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.