एकतिसावा एक्स-रे

एकोणतीस जणांचे एक्स-रे झाले आणि तिसावा कारागीर दवाखान्याच्या फाटकातूनच परत फिरला. ठकी त्याच्या मागे धावली. मालकाला कळलंय आणि घरात दोन लहान मुली आहेत, एवढंच सांगून तो मान खाली घालून रस्ता ओलांडून गेला.

ठकी हे तिचं घरातलं नाव. शिक्षणाने ती दातांची डॉक्टर, पण खुर्चीशेजारी उभं राहून दात उपटण्यात तिचा जीव रमला नाही. दातांच्या कवळ्या आणि टोप्या घासताना उडणारी धूळ फुप्फुसाचं काय करते, यावर तिने पीएचडी केली होती. ती काचेच्या बशीतल्या पेशींवर. आता माणसं तपासायची होती. त्यासाठी एक शिष्यवृत्ती होती. पीएचडी झालेल्या दंतवैद्यांना दवाखाना न थाटता संशोधनात टिकता यावं म्हणून चार वर्षं पगार देणारी. पहिल्या खेपेला निवड समितीने तिला परत पाठवलं. दातांचे डॉक्टर दोन वर्षांत कंटाळतात आणि पाटी लावून मोकळे होतात, असं समितीतल्या एक बाई हसत म्हणाल्या. तीस कारागीर तपासून पुढच्या अर्जासोबत अहवाल द्या, मग बघू, असंही त्यांनी सांगितलं.

कारागीर गोळा केले ते बाबांनी. बाबा छत्तीस वर्षं कवळ्या बनवत होते. धूळ शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते म्हणून त्यांच्या कारखान्याच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. काम सुटलं की ते एकेकाच्या घरी जायचे, पाणी प्यायचे, समजावायचे. एकदा मालकाने त्यांना केबिनमध्ये बसवून, आवाज न चढवता विचारलं, की लेकीचं भलं व्हावं म्हणून किती जणांच्या पोटावर पाय देणार? त्याच आठवड्यात तपासणी करून आलेल्या दोघांना सध्या काम नाही म्हणून घरी पाठवलं. आई धास्तावली. सरळ एखादा गाळा बघून दवाखाना टाक, असं ती रोज ठकीला सांगू लागली.

तिसावा माणूस शेवटी बाबाच घेऊन आले. काम सोडून चार वर्षं झालेला म्हातारा कारागीर. दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढताना तो तीनदा टेकला.

तीसपैकी अकरा जणांच्या फुप्फुसांत पांढरे ठिपके निघाले. ठकीने ते पुन्हा पुन्हा मोजले. त्या रात्री जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. बाबा हात धुवायला उठले, नळ सोडला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. पाण्याच्या आवाजाखालून खोकला ऐकू येत होता.

ती मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमचाही काढू या."

"नातेवाईक चालत नाही म्हणालीस ना?"

"अभ्यासात नाही चालत. मला बघायचाय."

"तुझं पत्र येऊ दे," बाबा तोंड पुसत म्हणाले. "मग काढू."

पत्र दोन महिन्यांनी आलं. शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या संस्थेत रुजू व्हायचं होतं. आईने पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं. बाबांनी ठकीला, जाणार ना, असं विचारलं. संमतीपत्र सही करून पाठवलंसुद्धा, असं ती म्हणाली. तेव्हा ते आतल्या खोलीत गेले, कपाटावरची बॅग खाली काढली आणि तिच्या तळातून एक मोठं पाकीट आणून तिच्या हातात दिलं.

आत छातीचा एक्स-रे होता. ठकीने तो खिडकीशी धरला. ठिपके मोजण्यासारखे नव्हते. दोन्ही बाजूंना वरपर्यंत पांढरं पसरलं होतं. कोपऱ्यातली तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. तिने पीएचडी संपवून शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज भरला, त्या महिन्यातली.

"तेव्हाच का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस. गाळा बघितला असतास."

आई दारात उभी होती. तिला माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ठकीने विचारलंही नाही.

बाबांनी चपला घातल्या. आज कामावर जाऊ नका, असं ठकी म्हणाली. ते म्हणाले, एका बाईंची कवळी घासायची राहिलीये, आठ दिवस त्या पेजेवर आहेत. तेवढं संपवून येतो. मग ठकीही निघाली. वाटेत औषधाच्या दुकानातून तिने जाड कापडाचा, मागे बांधायचा मास्क घेतला.

कारखान्यात कवळ्या घासायच्या मोटारींचा घरघराट चालला होता. तिला पाहून एकेक मोटार बंद होत गेली. मालक केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, पण आत या म्हणाला नाही आणि बाहेर व्हा असंही म्हणाला नाही. बाबा आपल्या स्टुलावर बसले आणि कवळी हातात घेतली. ठकी त्यांच्या मागे उभी राहिली. बाबांनी मान थोडी पुढे झुकवली. तिने मास्कच्या दोन्ही नाड्या त्यांच्या डोक्यामागे नीट गाठ मारून बांधल्या.

मग त्यांनी मोटार सुरू केली.