चि. आडवी रेघ क

मी एक जुना संगणक प्रोग्रॅम आहे. मित्रांनो, १९९६ साली पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका छापखान्यासाठी मंदाकिनीताईंनी मला सी भाषेत लिहिले. माझे काम लग्नपत्रिका जुळवण्याचे. तिथे माउस वगैरे लाड नव्हते. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे: ‘-व’ लिहून पुढे वराचे नाव, ‘-क’ लिहून पुढे कन्येचे. चिन्हामागून जो शब्द येईल, तो मी निमूटपणे नाव समजून उचलत असे. मालक मच्छिंद्रशेठ गिऱ्हाइकांना माझे कौतुक सांगत आणि मी फुगत असे.

मला चालवायचे वाशीमहून आलेले नागोराव. एके दुपारी त्यांनी ‘-व’ लिहिले आणि फोन वाजला. बोलणे आटोपून ते परतले आणि थेट ‘-क चैताली’ लिहून मोकळे झाले. वराचे नाव राहिलेच! मी आपला ‘-व’पुढचा शब्द उचलला. तो होता ‘-क’. आता चैतालीच्या आधी चिन्हच उरले नाही, म्हणून तिला मी सोडून दिले. तीनशे पत्रिका छापल्या गेल्या. वर ‘चि. -क’, वधूची जागा कोरी.

दुसऱ्या दिवशी चैताली स्वतः आली. पत्रिका टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाली, “अहो, या लग्नाला मी यायचं आहे का? तसं कळवा, म्हणजे झालं.”

“नागोराव, उद्यापासून येऊ नका!” मच्छिंद्रशेठ कडाडले.

“मले वाटलं, पत्रिकेवरची रेघ म्हंजे नक्षी असन,” नागोराव पुटपुटले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

चूक माझी होती, पण मला बोलता येत नव्हते. बोलल्या, मला तपासायला बोलावलेल्या मंदाकिनीताई. “त्यांना काढू नका. नाव नसेल तर थांबून विचारायचं, हे मीच याला शिकवलं नाही.”

त्यांनी लगेच मला दुरुस्त केले. चिन्हापुढे काहीच नसेल किंवा दुसरे चिन्ह आले असेल, तर मी थांबायचे. विचारायचे शब्द मात्र मच्छिंद्रशेठनी दिले. नागोरावांनी नुसते ‘-व’ लिहून पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी प्रश्न विचारला:

‘नाव राहिले. लग्न कोणाचे आहे?’

चैताली खळखळून हसली. “अनिरुद्धचं. लिहा, काका.”

नागोरावांनी एकेक अक्षर तपासत लिहिले. त्यांची नोकरी टिकली. पत्रिका संध्याकाळपर्यंत नव्याने छापून झाल्या. एक जुनी तेवढी आधीच चैतालीच्या धायरीतल्या मामांना पोचली होती. त्यांनी आहेराच्या पाकिटावर सुवाच्य अक्षरात ‘चि. -क यांस’ असे लिहून आणले.

आज मी एका फ्लॉपीत पडून आहे. मित्रांनो, तुम्ही उद्या प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा त्याला आधी विचारायला शिकवा. आणि स्वतःही विचारत जा. विचारल्यावर पुण्यात दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात खरे, पण लग्न ठरल्या माणसाशीच लागते.