मुक्या जागेश्वरचा बोलका पिक्चर

जागेश्वर तोंड उघडत नव्हता, तोवर सगळं बरं चाललं होतं. त्याचे मुके विनोदी रील अख्खं नागपूर बघायचं. सायकलवरून पडणं, समोशाशी भांडणं, सगळं हातवाऱ्यांनी. जरीपटक्याच्या बाजारात लोक त्याला अडवून फोटो काढत. मग कुणीतरी त्याच्या कानात भरलं, की हसवणाऱ्याला मान नसतो, दिग्दर्शक हो. झालं! भर मे महिन्यात गळ्यात मफलर आला आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला.

पहिला पिक्चर त्यानं आपल्या बापावरच काढला. चंपतराव उमरेडचे विणकर, जन्म हातमागावर गेलेला. पोराचे रील बघून "हे का काम आहे?" एवढंच म्हणत. त्यांनी एकदा तरी 'बरं केलं' म्हणावं, यासाठी जागेश्वरचा जीव तुटायचा. सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

मनीषनगरच्या सभागृहात पहिला खेळ लागला. पडद्यावरचा विणकर माग चालवता चालवता कष्ट, माती आणि देश यांवर बोलत सुटला. पडद्यावरची त्याची बायकोही बोलण्यात काही कमी नव्हती. प्रमुख पाहुणे डोळे पुसत होते, पण ते झोपेतून उठले होते म्हणून.

"काहून वं," चंपतराव शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाले, "याचा माग वाजत नाही का? आमच्या खटखटाटात काही ऐकूच येत नव्हतं. जागेश्वरच्या मायशी मी हातानंच बोलत होतो."

"मले नका सांगू मामाजी, त्याइले सांगा," पुष्पलता म्हणाली. "मी सांगून सांगून थकली."

जागेश्वर त्याच खुणांत वाढला होता. त्यांच्यावरच त्यानं नाव कमावलं, आणि पिक्चर काढताना नेमक्या त्याच विसरला.

खेळ संपला. जागेश्वरनं माइक धरला तो सोडेचना. तेव्हा मागच्या रांगेत चंपतराव उभे राहिले आणि त्यांनी दोन बोटं कात्रीसारखी मिटली. घरात त्याचा एकच अर्थ होता: धागा तुटला, माग थांबव.

जागेश्वरचं तोंड उघडंच राहिलं. हात आपोआप वर गेला: कुठं? चंपतरावांनी पडद्याकडे बोट केलं. जागेश्वरनं हवेत टोक शोधलं, गाठ मारली आणि तिच्यात स्वतःचा मफलर अडकवून घेतला. सभागृह हसून लोळायला लागलं. चंपतरावांचे खांदेही हलत होते. मग त्यांनी तळहात छातीवर टेकवला.

ही 'बरं केलं'ची खूण. जागेश्वरनं ती फक्त आईसाठी केलेली पाहिली होती. तो तिथंच उभ्या उभ्या रडायला लागला, आणि लोक आणखीच हसले.