पितरांच्या वाट्याचा मांडा

पितांबर आबांनी जेवणानंतर तासाभराने सुपारी तोंडात टाकली आणि लगेच ओट्यावरून वाकून भडभडा ओकले. मागोमाग मुलगा गोपाल, मग बायको निर्मलाबाई. उन्हं उतरायच्या आत घरातले आणि जेवायला आलेले शेजारी सगळे आडवे झाले. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, पण निंबाला बांधलेले झोके तापीवरच्या वाऱ्याने रिकामेच हलत होते. गाणं म्हणायला त्या गल्लीत एक बाई धड नव्हती.

घरात उभी होती ती एकटी सून, कामिनी.

निरोप मिळताच वत्सलाबाई धावत आल्या. जेवणातले पुरणाचे मांडे त्यांच्याच हातचे होते. दोन्ही हातांवर फिरवत खापरावर टाकलेला त्यांचा मांडा पलीकडचं दिसावं इतका पातळ असे. नवरा गेल्यावर शेत दिराकडे गेलं, पण हातातलं कसब कोण घेणार? सणावाराला घराघरातून हाक यायची आणि त्या हाकेवर बाई ताठ मानेने जगत होत्या. करता करता भूक मरते, म्हणून आजही त्या न जेवताच घरी गेल्या होत्या. त्यांनी आधी निर्मलाबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

"पुरन खराब व्हतं का वं?" निर्मलाबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"नही वं माय. सकायले मी वास लिधा. वरतून रटरट उकळाडं."

मग निर्मलाबाईंची नजर सुनेवर ठरली. "काल संध्याकायले हिनी पुरन चाखं व्हतं. पितरसना पहिले."

आखाजीला निखाऱ्यावर पितरांचा घास पडल्याशिवाय कोणी काही चाखत नाही, करणारीसुद्धा नाही. कामिनीने वाटताना बोटभर पुरण चाटलं होतं, बोलणी खाल्ली होती आणि रुसून आज मांड्याचा घासही घेतला नव्हता.

"चाखं तिनी, आनि तिलेच काही झायं नही," आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पितर कोपनात. हिले माहेर धाडी द्या."

गोपालने कूस बदलली. बायकोसाठी एक शब्द फुटू नये, याचा वत्सलाबाईंना संताप आला.

तेवढ्यात उपकेंद्राच्या सिस्टर रूथ आल्या. त्यांनी आबांना सलाईन लावलं, बाकीच्यांना मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं आणि पुरणाची चौकशी केली.

"काल संध्याकाळी वाटून रात्रभर उकाड्यात ठेवलं? मग त्यात जंतू वाढले असणार. पिकलेल्या जखमेतून येतात. सकाळी उकळल्यावर ते मरतात, पण त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं. त्याला वास नाही, चव नाही. काल चाखलं तेव्हा ते तयारच झालेलं नव्हतं, मग पोरीला काय होणार?"

मांजराने तोंड घालू नये म्हणून वत्सलाबाई काल रात्री इथेच, पातेल्याशेजारी झोपल्या होत्या. एका हाताच्या अंतरावर, झाकणाखाली, काहीतरी आवाज न करता वाढत होतं. मेलं, ते विष मागे ठेवून. आणि गाव पितरांना शोधत होतं. काखेत कळसा असतो तो असा. पदराखाली त्यांचा अंगठा ठणकत होता. चार दिवसांचं नखुरडं, वर जुन्या लुगड्याची चिंधी.

गप्प राहिलं तर पोर माहेरी जाणार. बोललं तर पुन्हा हाक येणार नाही. कामिनी दाराशी तोंडात पदर कोंबून उभी होती.

वत्सलाबाईंनी चिंधी सोडली. पू दिसला.

"हाई देखा सिस्टर. पोरगीनी काही चूक नही. पुरन मीनी याच हातनी मळं."

निर्मलाबाईंनी उशाशी भरून ठेवलेला तांब्या हाताने दूर सारला.

सकाळपर्यंत सगळे उठून बसले. कामिनी घरातच राहिली. वत्सलाबाईंचा अंगठा बरा झाला, नवं नख आलं. हाक मात्र आली नाही, ना दिवाळीला, ना लग्नसराईत.

पुढच्या आखाजीला त्यांनी आपल्या घरी खापर मांडलं. पुरण त्याच सकाळी वाटलं. पहिला मांडा मोडून नवऱ्याच्या नावाने निखाऱ्यावर घास ठेवला, मग सासूच्या.

"या, जेवा. तुम्हले काही व्हवाव नही."

तूप चरचरलं. वारा नसताना धूर दाराकडे गेला आणि माघारी वळला. मग त्यांना आपल्या हातचं जेवलेली आणि आता पितरांत गेलेली गावातली एकेक माणसं आठवू लागली. वत्सलाबाईंनी दुसरा मांडा हातांवर घेतला. जेवणारे पुष्कळ होते.