बंद काचांची गाडी

पीरमहंमदने पुलीच्या खाचेत बोट घालून एक पूर्ण फेरा फिरवलं आणि बाहेर काढून उन्हात पाहिलं. बोटाला धूळ लागली होती, पण पट्ट्याची काळी भुकटी लागली नव्हती. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. खाचेतला निळा रंग जसाच्या तसा होता. पट्टा चार दिवस जरी या पुलीवर फिरला असता, तरी तो रंग उडून गेला असता.

ओट्यावर चांगुणाबाई डाळ निवडत बसल्या होत्या.

"बाई, ही गाडी गार व्हायची ना?"

"व्हायची की. लई गार."

"तुम्ही स्वतः बसलेल्या आत?"

"पाच वर्सं बसतीय. दोनच मान्सं मावत्यात तिच्यात. हे नि मी."

पीरमहंमद नगरच्या बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं काम करत होता. कॅम्पातल्या साहेबांचे फ्रीज बिघडले की तेही त्याच्याकडेच येत. पण मोटारीतलं गार करायचं यंत्र त्याने पहिल्यांदाच उघडलं होतं, त्यामुळे आपलंच काही चुकत असेल असं त्याला वाटलं.

गाडी अमेरिकन होती. बसकी, दोन दारांची, लालभडक. स्टिअरिंग डाव्या बाजूला. सहादेव औटींनी ती मुंबईत लिलावात घेतली होती. पारनेरच्या माळावर दगड फोडण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस कालव्यांची कंत्राटं घेता घेता सावेडीत बंगला बांधण्यापर्यंत आला होता. या गाडीत थंड हवेचं यंत्र आहे, हे त्यांनी सगळ्या नगरला सांगितलं होतं. भर उन्हाळ्यात काचा बंद करून ते बायकोला शेजारी बसवत आणि कापडबाजारातून सावकाश गाडी नेत. लोक बघत राहत.

डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून गाडी उभीच होती. ब्लॅकआउटसाठी दिव्यांवर फासलेला काळा रंगही कुणी काढला नव्हता. आता वैशाख लागला होता. थोरली बहीण भागूबाई पारनेरला अंथरुणाला खिळली होती आणि तिला एकदा बघायचं, एवढंच सहादेव चार महिने म्हणत होते. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, या उन्हात त्यांना प्रवास सोसायचा नाही. तेव्हा चांगुणाबाईंना गाडीतलं यंत्र आठवलं. गाडी पीरमहंमदने चालवायची, शेजारी सहादेव. त्या स्वतः एस.टी.ने मागून जाणार होत्या.

दुपारपर्यंत पीरमहंमदने कॉम्प्रेसरची तोंडं मोकळी केली. दोन्ही तोंडांवर लाल टोपणं होती, कारखान्यातून बसवलेली, आटे न दुखावलेली. मग त्याने डिकी उघडली. स्टेपनीखाली तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन नळ्या होत्या. त्यांच्या दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

त्या नळ्या हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बंद पडलेली यंत्रं त्याने पुष्कळ पाहिली होती. कधी सुरूच न झालेल्या यंत्राला पहिल्यासारखं करायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला उमगेना.

"बाई, राग मानू नका," तो ओट्याजवळ येऊन म्हणाला. "हे यंत्र चाललेलंच नाही कधी. यात गॅस भरलेला नाही. नळ्या जोडलेल्या नाहीत. ह्या बघा."

चांगुणाबाईंचा हात सुपात थांबला.

"आसं कसं? बटन दाबलं की वारं यायचं. घों घों आवाज व्हायचा."

"तो नुसता पंखा. तो इंजिनाजवळचीच हवा फेकणार. गरमच."

त्यांनी सुपातला एक खडा उचलला, तो बघितला आणि पुन्हा डाळीतच टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तेव्हा त्या गाडीजवळच उभ्या होत्या. रात्रभर झोप नसावी, असे डोळे होते.

"पीरभाई, तुमाला खोटं सांगितलं मी काल. मला कदी गार लागलंच न्हाई."

पीरमहंमदने हातातला पाना खाली ठेवला.

"हे काचा लावून घ्यायचे. बटन दाबायचे. वाईच गेलं की इचारायचे, गार लागतंय का? मी म्हनायचे, लागतंय की. घामानं चोळी पाठीला चिकटलेली असायची. डोस्कं गरगरायचं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"कसं सांगनार? त्येंची हौस केवढी! आन् मला वाटायचं, आपलंच अंग तसलं. सारा जलम उन्हात गेला. सायेब लोकांचं गार आपल्याला उमजत नसंल." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "पन मंग ह्यांना कसं लागायचं? का त्येंला ठावं हुतं? ठावं असून मला बशिवत हुते आत? बाजारातनं मिरवायला?"

यंत्राविषयी विचारलं असतं तर पीरमहंमदने सांगितलं असतं.

"विचारून बघा की त्यांना," तो शेवटी म्हणाला.

"आता इचारू? बिचाऱ्याला धड बोलाया येत न्हाई." त्यांनी मान हलवली. "तुमी नीट करा फकस्त. आन् ह्यांना काय सांगू नगा. बिघडलं हुतं, दुरुस्त केलं, म्हना."

त्याने आठ दिवस घेतले. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मापाला लागेल असा पट्टा शोधला. गाडीच्याच नळ्या पुसून जोडल्या. गॅसची टाकी पुण्याहून मागवली. नळ्यांमधली हवा काढायला जुन्या फ्रीजचा पंप उलटा लावला. एका सांध्यातून गॅस गळत होता. साबणाचं पाणी लावून तो हुडकायला दोन दिवस गेले. चांगुणाबाई येऊन बघत, काही न विचारता आत जात. आतून सहादेवांचा तुटक आवाज येई आणि बाईंचं उत्तर मात्र फार वेळ येत नसे.

रविवारी सकाळी दहाला, ऊन तापलेलं असताना, पीरमहंमद म्हणाला, "आज बघू."

सहादेव काठी टेकत, त्याच्या खांद्यावर भार देत अंगणात आले. त्यांना शेजारच्या जागेवर बसवायचं ठरलं होतं, पण ते स्टिअरिंगच्या बाजूलाच गेले. बसल्यावर डावा हात चाकावर ठेवला. मग दुसऱ्या जागेकडे बघून म्हणाले,

"बस."

"मला कशाला? मी एस.टी.नं—"

"बस गं."

चांगुणाबाई बसल्या. त्यांच्या बाजूचं दार अजून उघडं होतं. पीरमहंमदने सहादेवांच्या खिडकीतून हात घालून इंजिन सुरू केलं, बटण दाबलं आणि त्याने हात बाहेर घेतल्यावर सहादेवांनी डाव्या हाताने ती काच वर चढवली. मग तो वळसा घालून उघड्या दारापाशी आला. समोरच्या फळीतल्या जाळीतून आधी गरम हवेचा झोत आला. सहादेवांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. बोलायला त्यांना वेळ लागला.

"गार... लागतंय?"

चांगुणाबाईंचं तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठांवर आला असावा. तेवढ्यात हवा पालटली. त्यांचा पदर मागे उडाला आणि त्यांनी दोन्ही दंड अंगाशी आवळून धरले.

सहादेवांनी डावा हात जाळीसमोर नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. पुन्हा नेला. या वेळी तिथेच ठेवला. बराच वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"तुला... आसं लागायचं?" त्यांनी विचारलं.

चांगुणाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग दचकल्यासारख्या त्यांच्याकडे वळल्या.

"तुमाला?"

"न्हाई." त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. एकेक शब्द ते उपसून काढत होते. "एकदा बी... न्हाई. तू म्हनायचीस... लागतंय. म्हनून... लावायचो काचा. मला वाटलं... माजंच कातडं... मेलंय. दगडावर."

पीरमहंमदने खाली बघितलं. तिथे उभं राहावं की जावं, हे त्याला ठरवता येईना. यंत्र चाललं होतं, त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही होता, पण दाखवायचा कुणाला?

चांगुणाबाईंनी हात लांबवून दार ओढून घेतलं. काच वर चढवली.

तो कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. काचेतून सहादेवांचं तोंड हळूहळू हलताना दिसत होतं. चांगुणाबाई मधेच पदराने त्यांची हनुवटी पुसत होत्या आणि काहीतरी भराभर बोलत होत्या, हात नाचवत, कापडबाजार दाखवावा तशा. मग दोघांच्याही माना खाली गेल्या. खांदे हलत होते. ते हसणं होतं की दुसरं काही, हे इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं.

घरकाम करणारी कडूबाई तीन कप चहा घेऊन बाहेर आली. गाडीकडे बघून पायरीवरच थबकली.

"पीरभाई, काय झालं वो? बाई रडत्यात का काय?"

"कळत नाही."

"मशीन बिघडलं का पुन्यांदा?"

"नाही. मशीन चांगलं चाललंय."

कडूबाई दोन पावलं गाडीकडे गेली, परत आली. काचेवर टकटक करावं का, असं तिने नुसत्या हाताने विचारलं. त्याने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि ओट्यावर, सावलीत ठेवलं.

"चहा निवंल की," ती म्हणाली.

"निवू दे," पीरमहंमद म्हणाला आणि आपला कप उचलून पायरीवर टेकला.